दोन खपल्या

निपाणीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला खाजेचं कारण फारसं शोधावं लागत नाही. ते गावभर पोत्यांत भरून ठेवलेलं असतं. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणारी बाई हात खाजवत आली, की ती पायरी चढायच्या आतच आमचा निम्मा विचार संपलेला असतो. पुढचं प्रकरण अशा लवकर संपलेल्या विचाराचं आहे. त्यात सहा वर्षं गेली, आणि त्यातली साडेचार माझ्याच केसपेपरवर आहेत.

बाईंना मी इथे अक्का म्हणेन. सीमाभागात मराठी घर असो नाहीतर कन्नड, थोरल्या बाईला हाक तीच. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अक्का माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. आधी घरी बिड्या वळायच्या, नंतर वखारीत चाळायचं काम. तक्रार एकच. "मॅडम, इंगळी डसल्यागत आग हुतीया, मग खाज सुटतीया. रक्त येईस्तोवर खाजवतो, तवा कुठं डोळा लागतोय." (आमच्याकडे बायकाही 'मी खाजवतो, मी आलो' असंच बोलतात, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.) दोन्ही कोपरांच्या मागे खपल्या होत्या, हातावर ओरखडे होते. त्याआधीची दीड वर्षं मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने एक ट्यूब चालू होती: त्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक, तिन्ही एकत्र. लावली की चार दिवस बरं, सोडली की पुन्हा तेच.

मी खरूज धरली. घरातल्या सगळ्यांना परमेथ्रिन लावायला सांगितलं, अंथरूण-पांघरूण उकळून उन्हात टाकायला सांगितलं. त्यांनी सगळं इमानेइतबारे केलं. खाज राहिली. आज कागद चाळताना दिसतं, की घरात दुसरं कुणीच खाजवत नव्हतं आणि बोटांच्या बेचक्या स्वच्छ होत्या. एका खोलीत पाच माणसं झोपतात आणि खरूज एकीलाच, हे जमत नाही. ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग गजकर्ण झालं. स्टेरॉइडच्या ट्यूबमुळे गजकर्णाचं रूप बदलतं आणि ते ओळखू येत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे न दिसणारं गजकर्णही दिसायला लागतं. महिनाभर बुरशीच्या गोळ्या झाल्या. शेवटी मी कागदावर लिहिलं: 'तंबाखूची ॲलर्जी, कामाचं स्वरूप बदलावे.' रोजंदारीवरच्या बाईला कामाचं स्वरूप बदला म्हणणं हा फुकटचा सल्ला आहे. तो लिहिताना डॉक्टरचं काहीच जात नाही.

मधल्या काळात त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, साखर निघाली. मधुमेहाची ती पहिली भेट मला आठवते, कारण "भात कमी करा, साध्या गव्हाऐवजी खपली खा" असं मीच सांगितलं होतं. आमच्या बाजूला खपली गव्हाला मान आहे. पचायला हलका, साखरेला चांगला, म्हाताऱ्यांना मानवणारा म्हणून लोक चढ्या भावाने घेतात. तोवर ते घर मुख्यतः ज्वारीच्या भाकरीवर होतं, चपाती पाहुणे आले की किंवा सणाला. माझ्या सल्ल्याने दोन्ही वेळा खपलीच्या चपात्या सुरू झाल्या. एकासाठी वेगळं कोण करतंय, म्हणून सगळ्यांनाच. मराठीत जखमेवरची ती खपली आणि गव्हाची हीही खपलीच, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

थोरला मुलगा बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत लागला, पगार सुरू झाला, आणि त्याने आईचं वखारीचं काम सोडवलं. झालं, आता खाज जाणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो. सहा महिन्यांनी अक्का आल्या त्या जास्तच खाजवत. तंबाखू सुटली आणि खाज वाढली. माझ्या निदानाची हवा तिथेच गेली.

त्याच भेटीत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.२. मागच्या वर्षी ८.६ होतं, आणि मधे सात-आठ महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्या नियमित घेतात का, हे विचारल्यावर अक्कांनी पिशवीतून रिकाम्या पाकिटांची गड्डीच काढून टेबलावर ठेवली. मासिक पाळीत फार रक्त जात नव्हतं. गोळी पोटात जात होती, पण अंगी लागत नव्हती. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे बिघाड कदाचित तिथे असणार. पण पोटाची तक्रार विचारली तर अक्का म्हणाल्या, "पोट एकदम झ्याक."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पडद्याआड नेऊन पूर्ण तपासलं. सिस्टर सोबत होती, तरी अक्का दहा मिनिटं तयार नव्हत्या. साडेचार वर्षं मी त्यांची फक्त कोपरं आणि हात पाहिले होते, कारण त्यांनी तेवढंच दाखवलं आणि मी तेवढंच मागितलं. गुडघ्यांवर खपल्या होत्या. कमरेखाली, दोन्ही कुल्ल्यांवर, माकडहाडाच्या वर काळे डाग, जुने व्रण आणि बारीक खपल्यांचे पुंजके होते. मानेच्या मागे केसांच्या कडेला तेच. आणि सगळं दोन्ही बाजूंना सारखं, आरशात पाहावं तसं. फोड मात्र एकच सापडला, डाव्या कोपराशी, मोहरीएवढा. बाकीचे खाजवण्यात फुटून गेले होते. या आजारात डॉक्टरला फोड सहसा दिसत नाहीत, दिसतात त्या नखांच्या खुणा.

तंबाखूची धूळ तोंडावर, मानेवर, मनगटांवर बसते. लुगड्याच्या आत शिरून दोन्ही कुल्ल्यांवर मोजून सारखी बसत नाही.

कोपर, गुडघे, कुल्ले, मान, दोन्ही बाजूंना, आग होऊन सुटणारी खाज, आणि गोळ्यांना न जुमानणारा पंडुरोग. हे सगळं एका ओळीत लिहिल्यावर एमबीबीएसला पाठ केलेलं आणि त्यानंतर एकदाही न भेटलेलं नाव आठवलं: डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. तेव्हा तो निव्वळ कातडीचा आजार समजला जाई. या रुग्णांचं आतडंही बिघडलेलं असतं, हे १९६६ मध्ये दिसून आलं, म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षांनी. त्या मानाने मी साडेचार वर्षांत पोचले, अशी स्वतःची समजूत मी काही दिवस घातली.

आता एक चूक, जी टाळता आली असती. खात्रीसाठी कातडीचा तुकडा काढावा लागतो. बेळगाव निपाणीपासून पाऊणशे किलोमीटर, म्हणजे त्यांचा एक दिवस आणि मुलाची एक हजेरी जाणार. म्हणून मी गावातल्याच एका सर्जन मित्राला तुकडा काढायला सांगितलं. या आजारात तुकडे दोन लागतात. एक ताज्या फोडाचा, नेहमीच्या तपासणीसाठी, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीचा, फोडापासून साधारण एक सेंटिमीटरच्या आतला. हा फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही. त्यासाठी मिशेल माध्यम नावाचं वेगळं द्रावण असतं. फॉर्मॅलिनने प्रतिपिंडं (अँटिबॉडी) गोठतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे चमकायला हवं ते चमकत नाही. मी हे मित्राला सांगितलं नाही, कारण मलाच ते नीट आठवत नव्हतं. दोन्ही तुकडे एकाच बाटलीत गेले. पहिल्या तुकड्याचा अहवाल आला: त्वचेच्या वरच्या थराखाली फट, आणि तिथल्या उंचवट्यांच्या टोकांना न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे पुंजके. आजाराकडे बोट दाखवणारा, पण शिक्का न मारणारा. लिनिअर आयजीए नावाचा दुसरा एक आजारही असाच दिसतो, आणि त्याचा गव्हाशी काही संबंध नाही; मला संशय होता तो आजार मात्र गव्हामुळे पेटतो. म्हणजे बेळगावला जाणं आलंच, वर कोपराला एक टाका जास्त.

तो अहवाल घेऊन अक्का घरी गेल्या आणि तिथे वेगळंच सुरू झालं. पुतण्याने इंग्रजी वाचलं, 'हर्पेटिफॉर्मिस' बघून मोबाइलवर 'हर्पीस' शोधलं, आणि घरात जाहीर झालं की अक्कांना नागीण झाली आहे. नागीण म्हटल्यावर पुढचं आमच्याकडे ठरलेलं: गेरूचा लेप आणि ती उतरवणारा माणूस. दोन मंगळवार त्यात गेले. खरं तर या नावात हर्पीस नुसता दिसण्यापुरता आहे. फोड हर्पीससारखे पुंजक्यांनी येतात, एवढंच. विषाणू नाही, संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. नागीण एका बाजूला पट्टा धरून येते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. सहा वर्षं दोन्ही बाजूंना राहणारी नागीण कुणी पाहिलेली नाही. ज्याने हे नाव ठेवलं त्याला आमच्या गल्लीत आणून अर्धा तास बसवावं, असं मला वाटतं.

बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दुसरा तुकडा नव्याने घेतला आणि योग्य द्रावणात बेंगळुरूला पाठवला. सोबत रक्तात ऊती ट्रान्सग्लुटामिनेज या शरीरातल्याच विकराविरुद्धची आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) प्रतिपिंडं आणि एकूण आयजीए तपासलं. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येते, म्हणून दोन्ही एकदम. निघताना त्यांनी बजावलं, की अहवाल हातात येईपर्यंत गहू सोडायचा नाही. अर्धवट ऐकून आधीच गहू बंद करणारे पुष्कळ असतात. मग प्रतिपिंडं उतरतात आणि आजार सापडत नाही.

अहवाल आले. रक्तातली प्रतिपिंडं मर्यादेच्या कितीतरी पट. कातडीत, वरच्या थराखालच्या उंचवट्यांच्या टोकांवर, दाणेदार आयजीए. हाच तो शिक्का. अक्कांना सीलिअॅक आजार होता, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याचा, आणि तो पोटातून न बोलता कातडीतून बोलत होता. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घ्यायचा का, हा प्रश्न निघाला. कातडीत दाणेदार आयजीए नक्की सापडल्यावर निदानासाठी त्याची गरज नसते, असं तज्ज्ञ म्हणाले. अक्कांच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसलं.

हे कसं होतं ते मी त्यांना सांगितलं तसंच इथे सांगते. कणीक तिंबल्यावर जी ताणली जाते ती ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे. ते गव्हात असतं, आणि त्याचे सख्खे भाऊ जव आणि राय नावाचं धान्य यांत. ठरावीक जनुकं, एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८, असलेल्या काही माणसांच्या आतड्याला हे प्रथिन परकं वाटतं. जनुकं पुष्कळांत असतात, आजार थोड्यांनाच होतो. त्या भांडणात शरीर स्वतःच्याच ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या विकराविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. आतड्याच्या आतल्या बारीक लवा झिजतात, लोह शोषलं जात नाही. या विकराचा एक भाऊबंद कातडीत राहतो. काहींमध्ये प्रतिपिंडं त्याच्याही मागे लागतात, कातडीच्या वरच्या थराखाली साचतात, पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि फोड येतो. अशा रुग्णांचं आतडं बहुधा बिघडलेलंच असतं, पण निम्म्याहून अधिक जणांना पोटाचं काही जाणवतच नाही. "पोट एकदम झ्याक" हे उत्तर या आजारात नेहमीचंच आहे. मला ते माहीत नव्हतं.

आमच्या भागात हे कुणाच्या डोक्यात येत नाही, त्याला कारण आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत सीलिअॅकचं प्रमाण उत्तरेत शंभरात एकाच्या आसपास आणि दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास निघालं. उत्तरेत चपाती, दक्षिणेत भात. बेळगाव जिल्हा या दोहोंच्या मधे बसला आहे. खानापूरकडे भात आणि नाचणी, चिकोडी-अथणीकडे ज्वारी, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत सगळीकडे चपाती. घरात पैसा आला की भाकरी मागे सरते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

डॅप्सोन नावाच्या गोळीने या खाजेला काही दिवसांत, कधी कधी दोन-तीन दिवसांतच, उतार पडतो. तो इतका ठळक असतो की निदानाला त्याचा आधार वाटावा. पण ती सुरू करण्याआधी दोन गोष्टी लागतात. जी६पीडी नावाचं विकर कमी असलेल्या माणसात डॅप्सोनने तांबड्या पेशी धडाधड फुटतात, म्हणून ती तपासणी आधी. आणि हिमोग्लोबिन, कारण ही गोळी ते जवळजवळ सगळ्यांतच थोडंफार उतरवते. अक्कांचं जी६पीडी ठीक होतं, हिमोग्लोबिन नव्हतं. म्हणून आधी शिरेतून लोह दिलं, महिनाभर थांबलो, आणि तोवर मलम आणि झोपेच्या अंगाने जाणारी खाजेची गोळी यांवर दिवस काढले. निदान झालं, औषध माहीत आहे, तरी देता येत नाही, असा तो महिना होता. अक्का रोज फोन करायच्या. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर २५ मिलिग्रॅमने सुरुवात केली, मग ५०.

चौथ्या दिवशी फोन आला. "मॅडम, काल राती झोपलो. सकाळी सूनबाईनं हलवून उठवलं." सहा वर्षांत पहिल्यांदा.

पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासलं, नंतर अंतर वाढवलं. ओठ-नखं निळसर दिसली, धाप लागली, किंवा पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे असं काही झालं, तर गोळी तिथल्या तिथे बंद करून यायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. यातलं काही झालं नाही. झालं ते दुसरंच. पाचव्या आठवड्यात गल्लीतल्या एकीने पाकीट बघितलं आणि म्हणाली, ही तर महारोगाची गोळी. खोटं नव्हतं ते. कुष्ठरोगाच्या बहुऔषध उपचारातल्या तीन औषधांपैकी डॅप्सोन एक आहे, आणि तिच्या दिराने ती घेतलेली होती. अक्कांनी त्याच रात्री गोळी बंद केली आणि मला सांगितलं नाही. आठवड्यात कोपरं पुन्हा पेटली. मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा त्या खुर्चीवर न बसता दाराशीच उभ्या राहिल्या. मी त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांचा हात हातात धरूनच बोलले. एकच औषध दोन आजारांवर चालतं, हे शब्दांनी पटत होतं की नाही कोण जाणे. हात धरल्याने पटलं असावं. कुष्ठरोगही आज पूर्ण बरा होतो, हेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ते तुमास्नी ठावं. गल्लीला कोण सांगणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकिटातून काढून साध्या डबीत गोळ्या भरून द्यायला सुरुवात केली.

डॅप्सोन पांढऱ्या पेशींना आवरते, म्हणून खाज थांबते. आतड्याला तिचा काही उपयोग नाही. आतडं सुधारायचं तर गहू सुटला पाहिजे. गहू सोडल्यावर कातडी आपल्या बळावर शांत व्हायला महिनोन् महिने लागतात, बहुतेकांना वर्ष-दोन वर्षं, आणि साचलेलं आयजीए त्याहून रेंगाळतं. तोवर गोळी आणि पथ्य दोन्ही. गोळीने तीन दिवसांत बरं वाटतं आणि पथ्याचं फळ दिसायला दीड वर्ष, तर माणूस कशावर विश्वास ठेवेल?

पथ्य सांगायला बसले तेव्हा मला वाटलं होतं, बाई रडेल. अक्का म्हणाल्या, "म्हंजे माझ्या आयेचंच जेवण की." ज्वारीची भाकरी, भात, नाचणीची आंबील, बाजरी, मका, सगळ्या डाळी, दूध, अंडं, मटण. उपासाचं तर सगळंच, वरी, साबुदाणा, राजगिरा. बाहेर गेलं ते: चपाती, पुरी, रव्याचं उप्पीट आणि शिरा, शेवया, पाव, खारी, टोस्ट, बिस्किट, बेळगावचे मांडे, होळीची पुरणपोळी, आणि गव्हाची खीर, जिला आमच्या कन्नड शेजारणी हुग्गी म्हणतात. सातूचं पीठ. आणि खपली. खपलीवर अक्का अडल्या. "ती तर पथ्याची असतीया!" मधुमेहात तिचं काय असेल ते असो, ग्लुटेन तिच्यात आहेच, तोही गहूच. हे सांगताना मला खाली बघावं लागलं. घरचा दुधाचा कुंदा चालला, गोकाकचं डिंक-गुळाचं करदंट चाललं, त्यामुळे सणाला ताट अगदीच ओकंबोकं राहिलं नाही. आयोडीन जास्त झालं तर या आजारात पुरळ भडकू शकतं, पण म्हणून मीठ बदलू नका, नेहमीचं राहू द्या, हेही सांगितलं. नाहीतर थायरॉइडचं नवं प्रकरण मागे लागायचं.

चार महिन्यांनी हिशेब जुळेना. गोळी ५० वरून खाली आणली की फोड. प्रतिपिंडं उतरली होती, पण नावापुरती. अक्का शपथेवर सांगत होत्या की गव्हाचा कण खाल्ला नाही. खोटं बोलत नव्हत्या. मी सूनबाईला बोलावून सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होतं ते विचारत गेले. डाळीच्या फोडणीत हिंग होता. बाजारात डबीत मिळतो तो बहुधा बांधणीचा हिंग, म्हणजे हिंगाचा रस मैद्यात किंवा दुसऱ्या पिठात मळलेला. डबीवर वाचलं तर गव्हाचं पीठ लिहिलेलंच होतं. चिमूटभर का होईना, रोज दोन वेळा. मग पोळपाट आणि परात एकच. मालकांच्या चपात्या आधी लाटायच्या, त्याच परातीत भाकरीचं पीठ मळायचं. आणि भाजणीत गहू.

तरी माझं समाधान होईना, म्हणून विचारलं, दळण कुठून आणता? गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गिरणीतून. कशावर दळतात?

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक बाईला समजतो. ज्वारीवर ज्वारी दळली तर पीठ शुद्ध, गव्हावर ज्वारी दळली तर पहिलं किलो-अर्धा किलो पीठ मिसळीचं. सूनबाई म्हणाली, "गव्हावरच. ज्वारीवाले आता कमी झाल्यात, थांबायला लागतंय." मी स्वतः गिरणीत जाऊन उभी राहिले. जात्याच्या पाळूंत आणि कापडी नळीत गव्हाचं पीठ चिकटलेलं, आणि गिरण चालू असली की सगळ्या खोलीत तेच उडणारं. गिरणवाला सज्जन माणूस. म्हणाला, तुमच्यासाठी आधी दोन किलो तांदूळ घालून धुवून काढतो. पण एवढ्याने भागत नाही. 'ग्लुटेनमुक्त' लिहायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातलेली मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक किलो पिठात साखरेचे काही दाणे मावतील एवढीच. गव्हावर दळलेली ज्वारी तिच्या आसपासही येत नाही. वखारीतल्या धुळीवर मी साडेचार वर्षं संशय धरला. खरी धूळ गिरणीत होती, आणि ती ताटातून जात होती.

अक्कांनी माळ्यावरचं सासूचं जातं उतरवलं. पंधरा दिवस दळलं. हौस म्हणून ठीक होतं, पण बिड्या वळून झिजलेल्या मनगटांना ते झेपणारं नव्हतं. शेवटी मुलाने हप्त्याने घरघंटी घेतली. तिच्यावर खडूने लिहिलं आहे: 'गहू न्हाई.' मालकांचा गहू अजूनही गिरणीतच जातो, त्यांची परात वेगळी, पोळपाट वेगळा, आणि अक्कांची भाकरी आधी. हिंगाची डबी सुनेच्या माहेरी गेली.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत गोळी २५ वर आली, मग एक दिवसाआड. हिमोग्लोबिन बारा. कोपरांवर खपल्या नाहीत, काळे डाग मात्र आहेत, ते फिकट होतील तसे होतील. गेल्या वर्षी एका लग्नात आमटीतून काहीतरी गेलं. आमटी दाट करायला आचाऱ्याने पीठ लावलं असावं. तीन दिवसांनी मानेमागे चार फोड. अक्कांनी मला फोन करून नुसतं सांगितलं. औषध विचारलं नाही.

घरातल्या बाकीच्यांचा प्रश्न अजून उरला आहे. सीलिअॅकच्या रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, साधारण दहात एक. मुलाने लगेच रक्त दिलं, त्याचं ठीक निघालं. मुलगी बावीसची, बेळगावला नोकरी करते, तिचंही हिमोग्लोबिन दहाच्या खाली. अक्कांनी तिची तपासणी दीड वर्ष टाळली. "स्थळं बघायलोय मॅडम. आत्ता काय निघालं तर नाव पडंल." मी तिला दोनदा समजावलं आणि मग गप्प बसले, कारण ज्या गल्लीने गोळीचं पाकीट ओळखलं, तीच गल्ली हा अहवालही वाचणार होती.

दिवाळीत मुलगी स्वतःच दवाखान्यात आली. रक्त देते म्हणाली, पण निपाणीत नाही, बेळगावात. मी विचारलं, घरी आईबरोबर भाकरीच खातेस का? महिन्यातून दोन दिवस, एरवी मेस. अक्का मागे उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, लेकीलाही आजपासूनच गहू बंद करावा. तपासणी होईपर्यंत बंद करायचा नाही, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

"मेसमध्ये दोन्ही वेळा चपातीच असते," मुलगी म्हणाली.

म्हटलं, मग चालू दे. रक्त पुढच्या सोमवारी द्यायचं ठरलं आहे.